धूळ मोजणाऱ्याचा मेहुणा

आमचे हे धूळ मोजतात. लग्न ठरताना सांगितलं होतं, मुलगा प्रयोगशाळेत आहे. तिथे काय करतो, हे कुणी विचारलंच नाही. कारखान्यांच्या हवेत किती कण आणि तंतू आहेत, ते माणसाच्या छातीत कुठवर उतरतील, हे ते तपासतात. घरी मी चादर झटकायला घेतली की हे श्वास रोखून गॅलरीत उभे. केरसुणीशी तर त्यांचं हाडवैरच.

आणि अशा माणसाचा मेहुणा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, गादीवाला! खाली कापूस पिंजायचं यंत्र, वरच्या मजल्यावर संसार. बारा महिने खोकला. सुट्टीनंतर कामाला बसला की त्याची छाती आवळून यायची. यावर त्याने स्वतःच निदान केलं. "ताई, मला सुट्टी मानवत नाही," म्हणाला, आणि पठ्ठ्याने सुट्टीच बंद केली.

हे कळवळून सांगायचे, "अरे, हा कापसाच्या धुळीचा त्रास आहे. धूळ ओढून घेणारा पंखा बसव." पालथ्या घड्यावर पाणी.

"भाऊजी, आमचे बाबा जन्मभर याच कापसात बसले. त्यांना काय झालं?"

बाबा शेवटी शेवटी आडवे होऊ शकत नव्हते, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे, हे तो सोयीस्कर विसरायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

शेवटी पैज लागली. यांनी साबणाच्या डबीएवढा एक पंप आणला. पंप कमरेला, नळीचं तोंड कॉलरपाशी. माणूस घेतो तीच हवा तो ओढणार आणि धूळ फिल्टरवर बसणार.

"दिवसभर काढायचा नाही. फिल्टर स्वच्छ निघाला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही निघाला तर पंखा बसवायचा."

"कबूल!"

निकाल सांगायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. बायकोला चहा टाकायला सांगून पाय पसरून बसला.

"तंतूच तंतू," हे म्हणाले. "आणि बारीक धूळ तर विचारूच नकोस. असल्या कारखान्यात बसतोस तरी कसा?"

भावाने मांडीवर थाप मारली. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला.

"सापडलात, भाऊजी! पंप कारखान्यात नव्हताच! म्हटलं, खाली लावला तर हरलोच. म्हणून घरातली सगळ्यात स्वच्छ जागा शोधली आणि दिवसभर तिथे टांगून ठेवला."

"कुठे?"

"इथेच की, वर. पाळण्याच्या दांडीला."

पाळण्यात माझी तान्ही भाची झोपली होती. भावजय चहाचे कप घेऊन दारातच थबकली. भावाचं हसू अजून तोंडावर होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. तो आपल्या सदऱ्याकडे बघत राहिला. रोज दुपारी जेवायला वर आला की याच सदऱ्यानिशी तो लेकीला छातीशी धरायचा.

"भाऊजी, तो पंखा उद्या मिळेल का?" त्याने हळूच विचारलं.

आमच्या आवाजाने पोर उठली आणि रडायला लागली. सवयीने तो धावला, वाकून हात पुढे केले आणि तसाच थांबला.

"ताई," तो म्हणाला, "जरा तू घे तिला."