पाव इंचबाई

आमच्या गल्लीत माझ्या आईला सगळे पाव इंचबाई म्हणतात. पाव इंच चुकलं तरी ती अख्खी बाही उसवते आणि गिऱ्हाईक 'चालतंय हो' म्हणालं, तर त्यालाच झापते. चाळीस वर्षं कोट शिवले, पण अंदाजपंचे एकदाही कात्री चालवली नाही.

तिचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर चार बारीक भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, त्यामुळे फुगल्यासारखं वाटेल, हळूहळू उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला 'हळूहळू' हे माप मान्य नव्हतं. रोज सकाळी चहाच्या आधी ती उताणी पडून बेंबीवरून टेप फिरवायची आणि गिऱ्हाइकांच्या वहीत, कुणाच्या तरी कोटाखाली, आपलं माप लिहायची. मला हसू आवरायचं नाही.

दोन दिवस माप उतरलं. तिसऱ्या सकाळी पाऊण इंच वाढलं.

दुखतंय का, असं विचारलं तर म्हणाली, थोडं, उजव्या खांद्यापर्यंत. मी दवाखान्यात फोन लावला. गॅस असेल, जरा चालायला सांगा, असं उत्तर आलं. मला ते लगेच पटलं, कारण मला कामावर जायचं होतं. टेप ढिली धरली असशील, असंही मी तिला म्हणालो.

"तुझ्या जन्माआधीपासून टेप धरतेय मी," ती म्हणाली. "उतरलेलं पोट परत वाढलंय. गाडी बोलाव, नाहीतर मी एकटी जाते."

दवाखान्यात तिने आधी वही उघडली. तरुण डॉक्टर गालात हसला, पण आकडे वाचून त्याने मुकाट्याने सोनोग्राफी करायला पाठवलं. आत पित्त गळत होतं. नळी घालून ते बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी गळती थांबवली. अजून दोन दिवस त्या घरी थांबल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं, असं मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन तिच्या खाटेशी आले. "या बाईंनी स्वतःचं दुखणं आपल्या सगळ्यांच्या आधी ओळखलं," ते म्हणाले. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. घोळक्यातल्या एकीच्या ॲप्रनचा डावा खांदा उतरलाय, हे तिने पडल्या पडल्याच सांगून टाकलं. सगळे हसले.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"ही माझी आई आहे," मी म्हणालो, नको तितक्या मोठ्याने.