खाऱ्या पाण्यानं पुसलेली फरशी
ओल्या मिठाचा वास आला की मला जालन्यातली ती बैठकीची खोली आठवते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. शाळेत शिक्षकाची नवी नोकरी लागली तेव्हा एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. नात्यातल्या लग्नासाठी घरचे सगळेजण पंधरा दिवसांसाठी राजस्थानला गेले आणि बैठकीतली प्रवाळ अन् रंगीत माशांची काचेची टाकी माझ्यावर सोपवून गेले. तिच्यातलं खारं पाणी दर आठवड्याला एक बादली बदलायचं होतं. फरशी भिजू नये म्हणून टाकीखाली रबराची चादरही अंथरलेली होती. शाळेतून आलो की मी त्या माशांशीच बोलायचो, कारण घरात दुसरं कोणीच नव्हतं. पण नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात भरली बादली मोरीत ओतायला माझा हात धजेना, म्हणून त्या पाण्यानं मी सगळी बैठक पुसून काढली. काळ्या फरशीवर पांढरे चट्टे उठले. कितीही घासले तरी वाळल्यावर पुन्हा दिसायचे. आता खोली जाणार, या धास्तीनं मी ट्रंक भरून जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवली. घरमालकीण परतल्या, फरशी पाहून थबकल्या. "सर, हे काय करून ठेवलं?" "भाभी, पाणी फेकवलं न्हाई." मी भरलेली ट्रंक दाखवली. त्या जराशा हसल्या. "फरशीला पॉलिश मारता येते, सर. तुम्ही ट्रंक वर ठेवून जल्दी खाली या जेवायला. पंधरा दिवस मुक्या माशांसंगं राह्यले." आजही ताट घेऊन एकटा बसलो की जिन्यातून कुणीतरी 'खाली या जेवायला' अशी हाक मारावी असं वाटतं.