आत्तीची वाक्यं मीच पुसली

वाक्यातला कुठला शब्द कुठल्या शब्दाला जोडलेला आहे, हे संगणकासाठी खुणा करून दाखवायचं, हे माझं काम. त्यासाठी मुरगूडच्या आत्तीनं शेंगा फोडत फोडत माझ्या फोनमध्ये चाळीस वाक्यं बोलून दिली होती.

खुणा करून पाठवलेली ती सगळी आज परत आली. प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, भाषा अशुद्ध आहे. नीट करून पाठवा, लगेच घेतो."

मी ती पुस्तकी मराठीत लिहून पाठवली. तासाभरात मंजूर झाली.

संध्याकाळी आत्तीचा फोन आला. "माझं बोलणं घेतलंस न्हवं गं?"

"घेतलं की, आत्ती."

"झ्याक झालं. मी मेल्यावर बी ऱ्हाईल म्हण की."

मी व्हय म्हणाले.

तुम्ही घरातल्या कुणाचं बोलणं असं नीट केलंय?