उपाशीपोटी पोंगल

गिरिधररावांनी पस्तीस वर्षं तमिळनाडूतल्या तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत साड्या तपासल्या. साडी उजेडात धरायची, तुटलेला धागा शोधायचा आणि विणकराच्या डोळ्यांत पाणी आलं तरी परत पाठवायची. "एकच धागा आहे हो," असं कुणी म्हणालं की ठरलेलं उत्तर यायचं, "खोटंसुद्धा एकदाच बोलतात." असल्या माणसाबरोबर संसार करायला कामाक्षीवहिनीच हव्यात.

निवृत्तीच्या वर्षी ते हौसेने रक्तदानाला गेले आणि आपल्या रक्तात हेपटायटिस बी आहे ही बातमी घेऊन परतले. यकृत म्हटलं की गावाला दारूच आठवते. त्यामुळे कुंभकोणमच्या बसमध्ये शेजारच्याने नुसती वेळ विचारली तरी हे गृहस्थ सांगायचे, "मी थेंबसुद्धा घेत नाही."

अशा रोग्यांना पुढे यकृताच्या कर्करोगाची भीती असते, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. जोडीला इस्पितळात रक्ताचा एक नवा अभ्यास सुरू झाला. रक्त घेणारी वाणी आपल्याच तंजावरी मराठी घरातली. तिने समजावलं, "मामा, यकृत म्हणजे शरीराचं स्वयंपाकघर. तिथे गाठ धरू लागली की रक्तात उतरणारे बारीकसारीक पदार्थ बदलतात. ते मोजून गाठ लवकर ओळखता येते का, हे आम्ही बघतोय. फक्त रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नको."

"मला उपास शिकवतेस? निर्जळी एकादशी करणारा माणूस मी!"

तर हे एकादशीवाले, रक्त द्यायच्या दिवशी आधी पहाटे गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जायचे. भजन संपलं की द्रोणातून पोंगल, म्हणजे गूळ-तुपातला गोड भात, तूप कोपरापर्यंत ओघळणारं. आता प्रसादाला आमच्याकडे कुणी खाणं म्हणत नाही. खाणं पोटात जातं, प्रसाद थेट पुण्यात जमा होतो. दोन द्रोण पुण्य घेऊन गिरिधरराव इस्पितळात पोचायचे, वाणी विचारायची, "काही खाल्लंत?" आणि ते निर्मळ मनाने सांगायचे, "काही नाही."

तिसऱ्या खेपेनंतर वाणीने दोघांना बोलावून घेतलं.

"मामा, रक्तात पित्ताम्लं बरीच वाढलीत. जेवल्यावर वाढतातच ती, पण तुम्ही तर उपाशी होतात. बाकीही काही आकडे डॉक्टरांना आवडले नाहीत. शुक्रवारी सीटी स्कॅन करू."

गिरिधररावांना बोटांवरचं तूप आठवलं. तोंड उघडणार, तेवढ्यात कामाक्षीवहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या उपासाला तोड नाही हो! आवंढासुद्धा विचारून गिळतात." गिरिधररावांनी तोच आवंढा गिळला आणि ते पंख्याकडे पाहत बसले.

घरी येताच वहिनींनी विठ्ठलाला नवस बोलला: स्कॅन होईपर्यंत फक्त ताक. नवऱ्यापुढे मात्र सकाळ-संध्याकाळ इडल्यांचा ढीग. "खा हो, अंगात ताकद हवी." नवरा खाली मान घालून खायचा. लाजेने भूक मरते म्हणतात. ह्यांची मेली नाही, ह्याचीही त्यांना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी पीठ वाटायला उठलेल्या वहिनी भोवळ येऊन दाराला टेकल्या. त्यांना आडवं केलं, डोळा लागल्यावर गिरिधरराव रिक्षाने इस्पितळात गेले.

"वाणी, त्या दिवशी मी पोंगल खाल्ला होता. प्रसादाचा."

"आणि आधीच्या दोन वेळा?"

सारी सोसायटी ज्यांच्या नजरेला भ्यायची ते गिरिधरराव फरशीकडे बघत म्हणाले, "एकदा पंचामृतही होतं."

वाणी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने वहीतल्या तीन ओळींवर रेघ ओढली. "तिन्ही नमुने बाद, मामा. ह्याच आकड्यांच्या भरवशावर उद्या दुसऱ्या कुणाची गाठ शोधायची होती."

"पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे धागे काढले," ते पुटपुटले.

"स्कॅन मात्र करायचाच. सगळं पोंगलानेच वाढलं, असं कोण सांगणार?"

घरी जाऊन बायकोला सांगायचं, असं ते रिक्षात तीनदा ठरवून आले. दारात वहिनी म्हणाल्या, "उन्हात कुठे हो गेलात, ह्या अवस्थेत?" आणि ठरवलेलं सगळं दारातच राहिलं.

स्कॅन स्वच्छ निघाला. वहिनींच्या लेखी तो ताकाने स्वच्छ काढला. रविवारी त्यांनी गोविंदपुरमला पोंगलाचं मोठं पातेलं चढवलं आणि पहिला द्रोण नवऱ्याच्या हातात दिला. द्रोण तोंडापर्यंत गेला आणि थांबला. तिथेच, भजनी मंडळीसमोर, गिरिधररावांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी पाच दिवस ताकावर काढले ते ह्याच्यापायी?" वहिनींनी द्रोण काढून घेतला आणि मृदंगवाल्याला दिला. पुढचे आठ दिवस त्या नवऱ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलल्या.

सहा महिन्यांनी वाणीने सुई काढली, नवी ओळ आखली आणि विचारलं, "काही खाल्लंत?"

गिरिधररावांनी तोंड उघडलं. पण वाणी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून मागे कामाक्षीवहिनींकडे बघत होती.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "रात्रीपासून नजरेसमोर आहेत. माल चांगला आहे, घे."

गिरिधररावांनी गुपचूप बाही वर केली.