आपांच्या कानाची चौकशी

काकांनी ऐंशी ओलांडली तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाचं खूळ माझ्याच डोक्यात शिरलं. ते म्हणाले, "चंद्र पुष्कळ पाहिलेत मी, वर जाऊनसुद्धा." पण मी ऐकते कसली!

काका विमानदलात पायलट होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी कराचीवर बॉम्ब टाकले होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक. बाहेर कुणी विचारलं तर मात्र, "सरकारी ड्रायव्हर होतो," एवढंच. आम्हाला तो विनय वाटायचा.

त्यांचे कपडे चाळीस वर्षं हैदराबादच्या आबिड्समधले एक टेलरचाचा शिवायचे. लहानपणी मीही सोबत जायची. चाचांची थोरली बहीण, आपा, लग्न होऊन कराचीला गेलेली. लढाईत घराजवळ धमाका झाला आणि तिला ऐकू येईनासं झालं, हे चाचांनीच काकांना सांगितलेलं. तेव्हापासून माप देताना हात पसरून उभे राहिलेले काका दर खेपेला विचारायचे, "आपा का कान कैसा है?" चाचा तोंडातली टाचणी काढून म्हणायचे, "वैसाइच है, साब. जोर से बोलना पडता."

मला हसू यायचं. लोक तब्येत विचारतात, मुलंबाळं विचारतात. कान कोण विचारतं? मी बॉम्बही ऐकून होते, कानही ऐकून होते. दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत, एवढी मी शहाणी.

कुकटपल्लीला हॉल घेतला. एक्याऐंशी दिवे, औक्षण, पुरणपोळी, सगळं साग्रसंगीत. चाचांना स्वतः जाऊन बोलावलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. मग माझं भाषण. तेलुगू शेजारी होते, आमच्याच घरातली मराठी अर्धवट कळणारी पोरं होती, म्हणून हिंदीत केलं. काका किती वेळा गेले, बॉम्ब कुठे टाकले, आग किती लांबून दिसली, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. काका टाळ्यांकडे पाहतच नव्हते. ते चाचांकडे पाहत होते. तेव्हा कुठे मला उमगलं.

चाचा उठून काकांपुढे आले. "चालीस साल में मेरे आपा का कान कोई नै पूछा, साब," ते म्हणाले. "आप एकइच पूछे." सवयीनं त्यांनी काकांची कॉलर नीट केली आणि न जेवता निघून गेले.

त्यानंतर काकांनी आबिड्सचं नाव काढलं नाही. विरलेलेच सदरे घालायचे. मी माफी मागितली, तर म्हणाले, "तू काय खोटं बोललीस? मीच इतकी वर्षं बोललो नाही." मला रडू आलं. त्यांनी पेपर उघडला.

परवा चाचांचा मला फोन आला. आपा गेल्या. "साब कू बोल देना," ते म्हणाले. "वो कान पूछते थे ना."

मी तारनाक्याला काकांच्या घरी जाऊन सांगितलं.

"त्यांनी स्वतःहून कळवलं?"

"हो."

ते चपला शोधायला लागले. "ऑटो बोलाव. आणि हे बघ, तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. मी बोलणार आहे."