घोड्यावरून आलेला मूळ पुरुष

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या थोरल्या चुलत्यांनी कुलसंमेलन भरवायचं ठरवलं. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. पंचायत समितीतून निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं, आणि सही करावी असं घरात काही उरलं नव्हतं. मी डिंगोऱ्याच्या शाळेत शिकवायचे. अक्षर बरं, म्हणून वंशावळ लिहायचं काम माझ्याकडं आलं.

कार्डशीट एकाखाली एक चिकटवून मी पाच पिढ्या कशाबशा बसवल्या. सगळ्यात वरचा चौकोन रिकामा होता.

"तिथं मूळ पुरुष," अप्पा म्हणाले. "राजस्थानातून आला."

"कशावरून?"

"घोड्यावरून."

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून 'सरदार' एवढंच लिहिलं आणि बाजूला तलवार काढली. ती विळ्यासारखी झाली.

संमेलन पेठ गावच्या मंगल कार्यालयात झालं. हमरस्त्यावरच, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मंडळींना लगेच परत जाता येईल. प्रमुख पाहुणे होते जुन्नरच्या बाजारपेठेतले कापडवाले शेठ. त्यांचं घराणं मात्र खरोखरच राजस्थानातून आलेलं. अप्पांनी त्यांना फेटा बांधला, मूळ पुरुषावर पाऊण तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "शेठ, आता तुम्हीच सांगा, आपला मुलूख कसा आहे?"

शेठ उठले. "खरं सांगू का अप्पा, मी तिकडं एकदाच गेलो, लग्नाला. ऊन बाधलं आन परत आलो. आमी जुन्नरचेच." लोक हसले. त्यानं शेठना हुरूप आला. "पण तुमच्या घराचं मला म्हाईत हाय. आमचे आजोबा सांगायचे, तुमचे पणजोबा डोंगरातनं डोक्यावर नाचणी घेऊन दुकानी यायचे. लई सज्जन माणूस. आयुष्यातलं पहिलं धोतर आमच्याकडंच घेतलं त्यांनी."

पहिलं म्हणजे काय, ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. अप्पांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उठली. आडनाव एकच म्हणून ती घाटमाथ्याकडून एसटीनं आली होती. नोंदणीच्या टेबलावर तिची शाखा सापडेना, म्हणून तिला मागं बसवलं होतं.

"मंग!" ती म्हणाली. "ते माझ्या आजेसासऱ्याचे सख्खे भाऊ. खाली उतरले ते उतरलेच. त्यांच्या वाटचं वावर अजून तसंच पडलंय."

वावर म्हटल्याबरोबर मुंबईच्या शाखेनं माना वळवल्या. किती आहे, सातबारा कुणाच्या नावावर आहे, रस्ता जातो का? जेवणाची पानं मांडलेली तशीच राहिली. म्हातारीला कुणी खुर्ची दिली, कुणी सरबत. आमच्या दोन सुना तिच्या पायाही पडल्या. व्यासपीठावर अप्पा आणि शेठ दोघंच उरले.

पुढच्या रविवारी तीन जीप भरून माणसं डोंगरात गेली. मीही गेले. वावर होतं, पण असं उतरणीवर की उभं राहायला एका हातानं झुडूप धरावं लागत होतं. म्हातारीनं चुलीवर भात चढवला होता. मंडळींना मात्र अचानक घाई झाली, आणि जीप आल्या तशा गेल्या.

मी जेवायला थांबले. तिनं वाढता वाढता सात पिढ्यांची नावं सांगितली आणि मी ती लिहून घेतली.

"त्याच्या आधी कुठनं आलो आपण?" मी विचारलं.

"कुठनं येनार? हितंच व्हतो."

मी तो कागद अप्पांना नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मला वाटलं, पटलं असावं.

वर्षभरानं कुलवृत्तांत छापून आला. पहिल्या पानावर होतं: 'मूळ पुरुषाचे राजस्थानातून डोंगरमार्गे आगमन.' म्हातारीची सात नावं शेवटी होती, देणगीदारांच्या यादीनंतर, 'इतर' या मथळ्याखाली.