घरकुलांची टेकडी

दिवसभर उन्हात भाजून निघालेल्या काळ्या दगडाला संध्याकाळी एक वास सुटतो. शेवटची भाकरी उतरल्यावर तव्याशी जो नुसत्या तापल्या लोखंडाचा आणि किंचित जळल्या पिठाचा वास रेंगाळतो ना, त्याच्या जवळपासचा. फाल्गुनातल्या उतरत्या उन्हात, करमाडच्या पुढे जालना रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका टेकडीवर तो वास मला पहिल्यांदा भेटला, आणि मी मटकन खाली बसले. वासाने नव्हे, चढाने. माझी नणंद कुमुद मात्र पदर खोचून केव्हाच माथ्यावर पोचली होती आणि ती टेकडी आपल्याच मालकीची असल्याच्या थाटात वरून हाका मारत होती, "ऊठ गं वहिनी, इथून सगळं दिसतं!" मला त्या क्षणी फक्त पाणी दिसायला हवं होतं, आणि ते नेमकं तिच्या पिशवीत होतं.

कुमुद करमाडच्या शाळेत शिकवायची. संभाजीनगरहून रोज एसटीने अप-डाऊन करायची. लग्न तिने केलं नाही, का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती इतक्या गोड आवाजात "तुमचं कसं चाललंय?" असं उलट विचारायची, की माणूस पुन्हा तिच्या वाटेला जात नसे. ती आमच्याकडेच राहायची. आमच्याकडे म्हणजे तिच्या भावाच्या घरी. पण त्या घराला सगळे 'वहिनीचं घर' म्हणायचे, आणि यातलं काय कुणाला बोचत असेल हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर ती झोपे, दिवाणाखालच्या ट्रंकेत तिचा संसार. भांडण आमचं कधी झालं नाही. पण सासूबाई गेल्यानंतर त्यांचा फोटो कुठे लावायचा हे ठरत नव्हतं, तेव्हा ती हातात फोटो घेऊन बाहेरच्या खोलीत उभी राहिली आणि मला म्हणाली, "वहिनी, इथं एक खिळा ठोकू का?" मी म्हटलं, "अगं, विचारतेस काय?" ती हसली. पुढे कधीतरी टेकडीवरच, वाऱ्याकडे तोंड करून ती म्हणाली, की मला बंगला नको, बाग नको, मला फक्त एक भिंत हवी, जिच्यात कुणालाही न विचारता खिळा ठोकता येईल.

ती टेकडी तिला शाळेच्या खिडकीतून सापडली होती. पालथ्या घातलेल्या घमेल्यासारखी, माथ्यावर सपाट, अंगावर कुसळी गवत आणि तरवडाची पिवळी झुडपं, मधूनच एखादं हट्टी सीताफळ. वर्षातून एकदा, परीक्षांची गडबड सुरू होण्याआधी, ती मला तिथे ओढून न्यायची. माथ्यावर उभं राहिलं की पश्चिमेला चिकलठाण्याच्या कारखान्यांचे पत्रे लखलखत, त्यांच्यावरून एखादं विमान अलगद खाली उतरे. दक्षिणेला पाचोडच्या अंगाला मोसंबीच्या बागांचे गडद हिरवे चौकोन, आणि पूर्वेला काहीच नाही, नुसती जमीन, क्षितिजाशी धुरकट होत गेलेली. ते 'काहीच नाही' पाहण्यात कुमुदला काय सुख होतं देव जाणे. पण तिथे उभं राहिल्यावर तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसायचं, हे मात्र खरं.

माथ्यावर देऊळ नव्हतं. शेंदूर फासलेला एक दगड, तीच डोंगराई. आणि तिच्यासमोरच्या सगळ्या सपाटीवर माणसांनी रचलेली इवलीइवली घरं: दोन उभे दगड, वर एक आडवा, कुणी हौसेने माडी चढवलेली, कुणी पुढे खड्यांचं अंगण मांडलेलं. ज्याला स्वतःचं घर हवं त्याने तिथे घर रचायचं, अशी रीत. मुलं भातुकली मोडून जेवायला पळाली असावीत, तसा तो माथा दिसायचा. टेकडीच्या पायथ्याशी शेळ्या राखणारी गयाबाई पहिल्याच वर्षी आमच्यामागे वर आली होती, आणि कुमुद दगड वेचायला लागल्यावर तिने बजावलं होतं, "रचा बाई, खुशाल रचा. पण घर झालं की यायचं आन् हे आपल्या हातानं मोडायचं. मोडल्याबिगर नव्या घरात चूल पेटवायची नाय."

"का हो, देवी कोपते का?" मी विचारलं. माझ्या आवाजात खोच होती.

"देवी कशाला कोपंल? दगूड पुरायला नको का मागच्याला?"

कुमुदने फार निगुतीने आपलं घर रचलं. त्या टेकडीच्या दगडात एक गंमत होती. काळ्याभोर अंगात पोपटी ठिपके, हिरव्या मुगाची डाळ सांडल्यासारखे, आणि तिरप्या उन्हात ते आतून उजळत. तसाच एक चपटा दगड शोधून तिने छपराला घातला. मी म्हटलं, "शाळेत विज्ञान शिकवतेस आणि इथे हे धंदे!" ती शांतपणे म्हणाली, "विज्ञान शाळेत. इथं माझी हौस." त्यानंतर दर फाल्गुनात ती आधी आपलं घर शाबूत आहे का ते पाहायची, वाऱ्याने सरकलेला दगड नीट करायची आणि मगच डबा उघडायची.

मग ती वर्षं आली. पाऊस नाही असं नव्हे. येई, ढग दाखवी आणि पाहुण्याने दारातूनच परत फिरावं तसा निघून जाई. टेकडीवरून दरवर्षी आम्ही तेच पाहत होतो आणि दरवर्षी त्यातलं काहीतरी कमी होत होतं. पाचोडकडचे हिरवे चौकोन आधी पिवळे पडले, मग तपकिरी, आणि एका वर्षी तिथे नुसत्या काट्या उभ्या होत्या. मोसंबीची झाडं मुळासकट उपटून लोकांनी त्यांचा जाळ केला. शहरात नळ आठवड्यातून एकदा येई, आणि तो येणार त्या दिवशी बायका लग्नघर असल्यासारख्या धावत. आणि गंमत पाहा, ज्या वर्षी जमिनीतून काही उगवलं नाही त्याच वर्षी शहर सगळ्यात जोमाने उगवलं. चिकलठाण्याच्या पुढे इमारतींचे सांगाडे उभे राहिले, रानात काम न उरलेली माणसं घमेली घेऊन त्यांच्या पायऱ्या चढू लागली. त्यांना दोष कुणी द्यावा? पोट कुणाच्या बापाला चुकलंय?

त्याच सुमारास कुमुदने चिकलठाण्याच्या पुढे एका इमारतीत फ्लॅट घेतला. इमारत तेव्हा फक्त कागदावर होती. तिने वरचा मजला घेतला आणि पूर्वेची गॅलरी मागून घेतली. आमच्या ह्यांनी तिला वास्तुशास्त्र समजावून सांगितलं, हवा, ऊन, उतार सगळं सांगितलं, ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दादा, तिथनं टेकडी दिसते." बस्स. तेवढ्यावर तिने आयुष्याचा सगळ्यात मोठा निर्णय घेतला होता, आणि ती इमारत उभी राहीपर्यंतच्या लांबलेल्या वर्षांत माझ्या घरातल्या त्या दिवाणावर ती फार हलक्या मनाने झोपली. निवृत्तीनंतर तिच्या पायांनी आणि माझ्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, त्यात दुष्काळाचं ऊन. टेकडीची वारी खंडली. दुरून ती दिसायची, धुळीत. शहराबाहेर सगळंच धुळीत होतं, त्यामुळे टेकडीभोवतीची धूळ जरा जास्त पांढरी आहे हे आमच्या ध्यानात आलं नाही.

किल्ली मिळाली त्या दिवशी कुमुदने पेढे वाटले, पण फ्लॅटचं दार उघडलं नाही. "आधी घरकुल मोडून येते. शब्द आहे." मी चिडले. म्हटलं, अगं, किल्ली हातात आहे, दूध उतू घालायचं भांडंही आणलंय, आता या वयात डोंगर कसला चढतेस? पण तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने चपला घातल्या.

जालना रस्ता सोडून रिक्षा आत वळली आणि पुढे गेली, आणखी पुढे गेली, तरी टेकडी येईना. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, उतरना कहाँ है?" समोर आभाळ होतं. जिथे उतार चढायला लागायचा, तिथे जमीन उलट खाली जात होती, पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेली, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी खडी फोडणारी यंत्रं दात खात होती. मागच्या अंगाची एक उभी कड तेवढी शिल्लक होती, कुणी पाव अर्धा खाऊन ठेवावा तशी. वास मात्र तोच होता, तापल्या दगडाचा. फक्त आता तो घशात बसत होता.

फाटकाशी तोंडाला फडकं बांधून गयाबाई बसली होती. शेळ्या विकून टाकल्या, म्हणाली; चारा नाही, डोंगर नाही, शेळ्यांनी खायचं काय? डोंगराईचा दगड तिच्या शेजारीच, सिमेंटच्या नव्या ओट्यावर बसवला होता, त्याला टाइल्स लावल्या होत्या. "देवीला इचारूनच हलवली म्हणत्यात. कुणी इचारलं, काय इचारलं, मला नाय ठावं."

"आणि ती घरं? लोकांनी रचलेली?" कुमुदने विचारलं. तिचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"गेली की मशिनीत. दगडाला काय ठावं, कुणाचं घर हाय ते. लई जणांची व्हती, बाई. न झालेलीच जास्त." तिने हात शहराच्या दिशेने झाडला. "सगळा डोंगर तिकडंच गेलाय. हुडका."

परतताना कुमुदने रिक्षा परस्पर आपल्या नव्या इमारतीकडे घेतली. जिन्याखाली, बांधकामातून उरलेल्या खडीचा एक ढीग होता, त्यावर कुत्रं झोपलेलं. कुमुद उकिडवी बसली. तिने मूठभर खडी उचलली, ओंजळीत चोळली, उन्हाकडे नेली. मला जवळ जाऊन पाहायचं नव्हतं, पण गेले. काळ्या खड्यांमध्ये पोपटी ठिपके होते. मी काहीतरी बोलायला गेले, अशी खडी कुठलीही असते, डोंगर काय एकच आहे का, असलं काहीतरी, आणि मला माझ्याच आवाजाची शरम वाटली. कुमुद हात झटकून उठली आणि म्हणाली, "मोडलं बघ, वहिनी. सगळ्यांचं एकदमच मोडलं." मग आम्ही वर गेलो आणि तिने दार उघडलं. टँकरच्या पाण्याने फरशी पुसली, दूध उतू घातलं. गॅलरीतून पूर्वेला आता खरोखरच काहीच दिसत नव्हतं.

ती तिथे राहायला गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. चांगली राहते. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंचा फोटो घेऊन गेले होते, आठवणीने खिळे आणि हातोडीही नेली होती. इतकी वर्षं जिने एका खिळ्यासाठी वाट पाहिली तिला तो मीच ठोकून द्यावा, असं मनात होतं. पण तिने माझा हात धरला. "नको गं. घाव कुणाच्या घरावर बसेल, कोण जाणे." मला हसायला आलं नाही. त्या घरात आजही एकाही भिंतीला खिळा नाही. घड्याळ फ्रिजवर आहे, कॅलेंडर टेबलावर पडलेलं असतं, आणि सासूबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आहेत. मी गेले की आम्हीही खालीच बसतो, तिघी, आणि चहा पितो.

परवा माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत, जिथे तिचा दिवाण असायचा त्या भिंतीवर, नव्या वर्षाचं कॅलेंडर लावायला मी हातोडी काढली. आमचं हे घर कोणत्या टेकडीचं, हे आम्ही कधी कुणाला विचारलं नव्हतं. खिळा भिंतीला लावला आणि काय झालं कुणास ठाऊक, हातोडी उचलण्याआधी मी बोटांच्या पेरांनी भिंतीवर हळूच टकटक केली, परक्याच्या दारावर करतात तशी.

मग कान लावून उभी राहिले.